डावीकडं जमा, उजवीकडं नावे

१९८६ च्या मे महिन्यात मी सातवीची परीक्षा देऊन रिकामी होते आणि माझं अक्षर बरं होतं. एवढ्या दोन कारणांवर गल्लीतले वाणी आण्णा यांनी मला त्यांच्या किराणा दुकानात उधारीची वही लिहायला बसवलं. सांगलीच्या गावभागात आमच्या घरापासून चौथं दुकान. लाल कापडात बांधलेली ती लांबोडकी वही मांडीवर पुरायची नाही, म्हणून गुळाच्या रिकाम्या डब्यावर ठेवून लिहायची. पहिल्याच दिवशी आण्णांनी अख्खं हिशेबशास्त्र सांगून टाकलं. "डावीकडं जमा, उजवीकडं नावे. आलं ते जमा, उधार गेलं ते नावे. आणि चुकलं तर खोडायचं न्हाई. एकच रेघ मारायची. खाली काय लिवलं हुतं ते उद्या वाचता आलं पायजे."

महिन्याचे तीस रुपये ठरले होते. शिवाय रोज संध्याकाळी कागदाच्या पुडीत मूठभर शेंगदाणे. शेंगदाणे आण्णा मोजून देत नसत, पण मूठ त्यांचीच असायची आणि ती काही मोठी नव्हती.

त्या वहीत आडनावं फार कमी होती. 'नळाजवळची मावशी', 'पुलाकडचा टेलर', 'पाटलाची धाकटी सून', 'गणपती पेठेतला हमाल (उंच)'. एकशे चाळीसेक खाती. हमालांचा हिशेब आठवड्याचा, पगारदारांचा महिन्याचा, आणि नदीकाठच्या शेतकऱ्यांचा ऊसबिलाचा. ऊसबिल म्हणजे कारखाना देईल तेव्हा. तेरा वर्षांच्या मुलीला गावाची एवढी ओळख दुसरीकडं कुठं झाली नसती. कुणाकडं पाहुणे आलेत ते साखरेवरून कळायचं. कुणाच्या घरी भांडण झालंय तेही कळायचं, कारण एकाच घरातून दोन वेगळ्या पुड्या चहापूड जायची.

आता हे सगळं गोड वाटतं. तेव्हाही वाटायचं, पण मी तेव्हा अजून एक गोष्ट पाहिली होती. प्रत्येक खात्याच्या कोपऱ्यात आण्णा पेन्सिलीनं एक आकडा लिहायचे. त्याच्या पुढं उधारी जाऊ द्यायची नाही. मास्तरांच्या खात्यात तो आकडा पाचशे होता. आमच्या मागच्या गल्लीतल्या, मास्तरांइतकंच कमावणाऱ्या एका नगरपालिकेच्या सफाई कामगाराच्या खात्यात दीडशे. मी विचारलं तेव्हा आण्णा म्हणाले, "तू लिव." उधारीचा भावही रोखीपेक्षा निराळा असायचा, साखरेला किलोमागं आठ आणे जास्त. व्याज म्हणून कुणी त्याचं नाव घेत नसे, पण ते व्याजच होतं. गल्लीतल्या वाण्याला संत करून ठेवणारे लेख मी वाचते तेव्हा मला तो पेन्सिलीचा आकडा आठवतो.

मास्तर म्हणजे माझे वडील. आमची यादी एक तारखेला जायची. आई सांगायची, मी लिहायची, तूरडाळीपासून सुरुवात आणि उदबत्तीवर शेवट. संध्याकाळी आण्णांचा नोकर सायकलवरून माल आणायचा. वर्तमानपत्राच्या पुड्या, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे चार वेढे. आई तो दोरा सोडवून गुंडाळून ठेवायची, वर्षभराचा दोरा कधी विकत आणला नाही. तीन तारखेला पगार झाला की वडील पाकिटात पैसे घालून स्वतः नेऊन द्यायचे. नोकराच्या हाती दिलेले नाहीत कधी. आण्णा ते मोजत नसत. पाकीट तसंच गल्ल्यात टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाकीट गणपती पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याकडं जायचं.

या पाकिटाचा अर्थ मला फार उशिरा कळला. पुढं मी एका पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून लागले आणि ठेवी कुणाच्या, कर्ज कुणाचं, हे रोज बघायला लागले तेव्हा. एकशे चाळीस खात्यांपैकी आमच्यासारखी तीस-पस्तीस असतील. मास्तर, बँकवाले, वीज मंडळवाले. वेळेवर देणारे. त्यांच्या तीन तारखेच्या पैशातून घाऊकवाल्याची बाकी भागायची आणि दुकानात नवा माल पडायचा. तोच माल पुढचे पंचवीस दिवस हमालाला, टेलरला, ऊसबिलाची वाट बघणाऱ्याला उधार जायचा. आण्णांच्या खिशातली उधारी ती नव्हतीच मुळी, निदान सगळी नव्हती. आमच्या रोखीवर शेजाऱ्यांची चूल चालत होती, आणि हे आम्हालाही माहीत नव्हतं आणि त्यांनाही.

२००५ च्या पुरानंतर आम्ही विश्रामबागेकडं राहायला गेलो. गावभागातल्या घरात दोनदा गाळ उपसून सासूबाई कंटाळल्या होत्या. तरी यादी आण्णांकडंच होती. नवरा स्कूटरवरून दोन खेपा घालायचा आणि दर वेळी कुरकुरायचा. २०११ च्या दिवाळीआधी आम्ही पहिल्यांदा 'मॉल'मध्ये गेलो. आमच्याकडं अशा सगळ्याच दुकानांना मॉल म्हणतात, मग ते एक मजली का असेना. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यानं काही फरक पडत नाही.

खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं. गारवा होता. डाळ हातात घेऊन बघता येत होती. कुणी "काय पायजे?" असं विचारत नव्हतं. सासूबाई ट्रॉलीच्या दांडीला धरून अशा चालत होत्या की जणू प्रदक्षिणाच. आणि एक गोष्ट बायकांनाच कळेल. आण्णांच्या दुकानात सॅनिटरी पॅड मागायचे तर आधी दुकानात दुसरा पुरुष नाही ना ते बघायचं, मग हळूच बोलायचं, मग आण्णा ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून, नजर दुसरीकडं ठेवून द्यायचे. इथं माझ्या भाचीनं फळीवरून पुडा उचलला आणि ट्रॉलीत बटाट्यांवर टाकला. एवढंच. बिलाखाली छापलेलं होतं, आपण वाचवले ३१२ रुपये. पुढच्या महिन्यात यादीच झाली नाही.

मोठं दुकान ही काही आमच्याकडं नवी चीज नव्हती. माझी आत्या कोडोलीला. लहानपणी तिच्याकडं गेलं की ती आम्हाला वारणानगरला वारणा बझारमध्ये न्यायची. तात्यासाहेब कोरे यांनी उसाच्या पट्ट्यात उभ्या केलेल्या सहकाराचाच तो भाग. शेताच्या कडेला एकाच छताखाली साडी, सायकल, साबण आणि स्टीलची भांडी. मुंबईत नायगावला अपना बाजार तर १९४८ चा. तेव्हा दुकान मोठं झालं की वाणी मेलाच, असं काही नाही. आत्या बझारमधून साडी आणायची आणि साखर गल्लीतूनच. या जुन्या मोठ्या दुकानांचे सभासद गावातलेच होते. नफा झाला तर तिथंच फिरायचा, तोटा झाला तर भांडणंही तिथंच.

नव्या साखळी दुकानांचं गणित वेगळं आहे, आणि ते हुशारीचं आहे हे मान्यच करायला हवं. डीमार्टचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं. शेअर बाजारातले राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं. भाड्याच्या जागेपेक्षा स्वतःची जागा, पुरवठादाराला लवकर पैसे, त्या बदल्यात भावात सूट, आणि ती सूट बऱ्यापैकी गिऱ्हाइकापर्यंत. २०१७ च्या मार्चमध्ये कंपनीचा २९९ रुपयांचा शेअर बाजारात आला तो पहिल्याच दिवशी सहाशेच्या वर उघडला. आमच्या पतसंस्थेतला शिपाईसुद्धा त्या दिवशी हळहळत होता. एकूण अशा दुकानांत माल थेट कंपनीकडून येतो. नजरेच्या उंचीवरची फळी मिळावी म्हणून कंपन्या वेगळे पैसे मोजतात. डाळ-तेलावर फार सुटत नाही, पण त्याच ट्रॉलीत पडलेल्या टॉवेलवर, प्लॅस्टिकच्या डब्यावर, मुलाच्या टी-शर्टवर सुटतं. आण्णांकडं टी-शर्ट नव्हता.

एकदा आण्णांनी मला अंगाच्या साबणाची वडी दाखवली. छापील किंमत, वितरकाकडून त्यांना पडलेला भाव आणि माझ्या मॉलच्या बिलावरचा भाव. शेवटचे दोन आकडे जवळजवळ सारखे होते. "म्हंजे मी तुझ्याकडनंच घ्यावा," ते हसून म्हणाले. हे दुखणं त्यांचं एकट्याचं नव्हतं. २०२१ च्या डिसेंबरात वितरकांच्या संघटनेनं नेमक्या याच फरकावरून बड्या कंपन्यांना इशारा दिला आणि २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रात काही मालाचा उठाव थांबवलाही. आम्ही घाऊक भावात विकतो त्याहून स्वस्त तुम्ही ऑनलाइन आणि मोठ्या खरेदीदारांना देता, मग आम्ही कशाला, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. बोलणी झाली, माल पुन्हा सुरू झाला. फरक राहिलाच.

त्याआधीचा बंद मला जास्त आठवतो. २०१२ च्या सप्टेंबरात केंद्रानं अनेक ब्रँडच्या किरकोळ विक्रीत ५१ टक्के परकी गुंतवणुकीला परवानगी दिली आणि त्याविरोधात २० तारखेला देशभर बंद पुकारला गेला. नेमका गणपतीचा दुसरा दिवस. व्यापारी संघटनेचा निरोप होता दुकान बंद ठेवायचा, आणि गल्लीत घरोघरी गौरीची तयारी. आण्णांनी मधला मार्ग काढला. शटर अर्धं खाली ओढलं, स्वतः बाहेर खुर्ची टाकून 'बंद'मध्ये बसले, आणि नोकर आतून शटरखालून तांदळाची पिठी, खोबरं, कापूर देत राहिला. बायका वाकून हात आत घालायच्या. मी त्या दिवशी माहेरी गेले होते, मीही वाकले. आण्णा म्हणाले, "अमेरिकेचा वाणी येतोय म्हनं." तो अमेरिकेचा वाणी काही आमच्या गल्लीपर्यंत आला नाही. आला तो मुंबईचा.

आणि मोठं म्हणजे अमर असंही नाही. 'सबसे सस्ता दिन' म्हणून २६ जानेवारी २००६ ला बिग बझारसमोर रांगा लागल्या होत्या, पोलीस बोलवावे लागले होते. २०२२ मध्ये बँकांचं कर्ज फिटेना म्हणून त्याच कंपनीची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि पाट्या उतरल्या. तेही उधारीतच गेलं, फक्त पेन्सिलीचा आकडा लिहिणारं तिथं कुणी नव्हतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. हे आकडे सांगलीत पोराटोरांना पाठ असतात, जसे दुसरीकडं क्रिकेटचे असतात. गावभागात पाणी किती दिवस होतं, होड्या कुठवर आल्या, ते सगळं तेव्हा टीव्हीवर दिसलं. टीव्हीवर दिसत नाही तो वास. पाणी उतरल्यावर खराटा आणि फिनेल घेऊन मी आण्णांकडं गेले. दुकानात साखरेची पोती जागच्या जागी होती. शिवण शाबूत, लेबल शाबूत, आत काहीच नाही. शंभर किलो साखर शिवण न उसवता निघून गेली होती. डाळी फुगून पोती फाटली होती. गुळाच्या डब्यांतून काळं पाणी वाहत होतं. आण्णा एका स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या समोर दोरीवर, कपड्यांच्या चिमट्यांनी, वहीची पानं वाळत घातलेली होती.

शाई फुटली होती. निळे ढग, मध्ये कुठंतरी एखादा आकडा.

दुसऱ्या दिवशीपासून माणसं यायला लागली. काही माल घ्यायला, पण माल कुठला? काही नुसतीच उभी राहायची. मग टेलरची बायको आली आणि म्हणाली, "आमचं सहाशे चाळीस हुतं बगा." आण्णांनी मला नवी शंभर पानी वही दिली. "लिव." तेहतीस वर्षांनी मी पुन्हा लिहायला बसले, या वेळी उलट्या बादलीवर. तीन दिवस लिहिलं. सगळेच आले असं मुळीच नाही, निम्म्याहून थोडे जास्त आले असतील. आले त्यांतही सगळे खरंच बोलले असंही नाही. एकानं दोन हजार सांगितले तेव्हा आण्णांच्या कपाळावरची शीर हललेली मी पाहिली. तो गेल्यावर विचारलं तर म्हणाले, "चार हजार तीनशे. पर त्याचं घर माझ्या दुकानापरास खाली हाय. त्यानं सांगितलं तेवढं लिव."

आणि जी नावं येत होती ती ऐकताना मला एक गोष्ट हळूहळू लागत गेली. हमाल, टेलर, भाजीवाली, घरकामाच्या बायका, म्हातारी माणसं. त्यात मास्तर नव्हता, बँकवाला नव्हता, वीज मंडळवाला नव्हता. तीन तारखेची पाकिटं कधीच बंद झाली होती. आम्ही सगळे एकेक करून, कुणालाही न सांगता, ट्रॉली ढकलायला निघून गेलो होतो आणि मागं राहिली ती नुसती उजवी बाजू. नावे, नावे, नावे. आपण फक्त आपले ३१२ रुपये वाचवले असं मला वाटत होतं. त्या वेळी पहिल्यांदा वाटलं की ते वाचवलेले पैसे कुणाच्या तरी उधारीतून काढून घेतलेले होते. यात पाप वगैरे काही नाही. कुणी महाग घ्यावं म्हणून कुणाला सांगता येत नाही, मलाही कुणी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. पण हिशेब म्हणून बघितलं तर तो असा होता.

तिसऱ्या दिवशी शेवटी मी म्हटलं, "आण्णा, आमचं किती?"

"तुझं कुठलं?" ते पोत्याची शिवण उसवत होते. वर न बघता म्हणाले, "आठ वर्सं झाली. तुझं नाव न्हाईच की वहीत."

टोमणा नव्हता. चौकशीच्या खिडकीवर सांगतात तसं सांगितलं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

आण्णांच्या नोकराची मुलगी आता मॉलमध्ये बिलिंगला आहे. तो नोकर एकतीस वर्षं आण्णांकडं होता. दिवाळीला कपडे, पोरीच्या लग्नाला पंचवीस हजार, आजारपणात औषधं, सगळं आण्णांनी केलं, आणि प्रॉव्हिडंट फंड म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. मुलीला मी एकदा विचारलं, कसं आहे गं काम? "काकू, दिवसभर उभंच ऱ्हावं लागतंय. पाय सुजतात. पर सात तारखेला पगार बँकेत येतो, पीएफ कापतात, आणि कुणी 'ये गं' म्हणून घरची भांडी घासायला बोलवत न्हाई." शेवटचं वाक्य तिनं बापाच्या मालकाबद्दल म्हटलं की आणखी कुणाबद्दल, ते मी विचारलं नाही.

पुरानंतर दुकान पुन्हा उभं राहिलं, पण निम्म्या फळ्यांवर. वितरक आता रोखीशिवाय माल उतरवत नाहीत, आणि थोड्या मालासाठी त्यांची गाडी गावभागात वळतही नाही.

परवाच्या दिवाळीआधी मी मॉलमध्ये तेलाच्या रांगेत होते. सोयाबीन तेलाच्या पिशव्या रचलेल्या, वर पाटी लावलेली, 'एका बिलावर फक्त ४'. तिथं आण्णा. पांढरा लेंगा-शर्ट, हातात मॉलचीच लाल टोपली, टोपलीत चार पिशव्या. वय बहात्तर तरी असेल. मला बघून लाजतील असं वाटलं, पण ते काही लाजले नाहीत. तेलाकडं हनुवटी करून म्हणाले, "तुझ्या बिलावर चार घेशील? वितरकाकडं म्हाग पडतंय. हितनं नेऊन दोन रुपये सुटतात."

मी माझ्या ट्रॉलीत चार पिशव्या टाकल्या. बिलाच्या रांगेत ते माझ्या मागं उभे होते, अनोळखी असल्यासारखे. बाहेर पार्किंगमध्ये त्यांच्या सायकलच्या मागच्या पिशवीत आम्ही आठही पिशव्या आडव्या लावल्या, फुटू नयेत म्हणून मध्ये मी माझा टॉवेल दिला. पैसे राहू द्या म्हणण्याचं धाडस मला झालं नाही. तरी तोंडातून निघालंच, "नंतर द्या हो आण्णा, काय घाई आहे?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढली. बॉलपेननं, सायकलच्या सीटवर टेकवून, डाव्या पानावर माझं नाव लिहिलं. माहेरचंच लिहिलं, 'मास्तरांची थोरली'. पुढं तेल ४, रुपये ४३६. मग आतल्या खिशातून पैसे काढले, चार शंभराच्या नोटा, एक वीस, एक दहा, आणि सहाची सुटी नाणी. माझ्या हातावर मोजून ठेवली, या वेळी मोजून. मी मुठीत घेतल्यावर त्यांनी पुन्हा डायरी उघडली आणि माझ्या नावावर एक रेघ मारली. एकच. खालचं नाव वाचता येत होतं.